मशीनला हात लावू नये

"वकील लावायला पैसे नाहीत, मग कोर्टात जायचं कसं?" हा प्रश्न माझ्या टेबलासमोर वरचेवर येतो. त्या दिवशी तो विचारणाऱ्या ताई खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या होत्या, मांडीवरची कापडी पिशवी दोन्ही हातांनी धरून. घरी ब्लाउज शिवतात, फॉल-पिको करतात. नवरा मारायचा, शिवणाचे पैसे काढून घ्यायचा आणि हल्ली 'मशीनच विकतो' म्हणायला लागला होता. एका वकिलांनी सांगितलेल्या फीमध्ये मुलीची वर्षभराची शाळा निघाली असती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मी त्यांना सांगितलं, कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम १२ नुसार बाई स्वतः न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकते. वकील हवाच, अशी अट नाही. अर्जाचा नमुना नियमांतच छापलेला आहे. तो भरायला मदत करण्यासाठी सरकारने संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, महिला व बाल विकास विभागाकडे चौकशी केली की ते भेटतात. ते मदत करतात ती मेहेरबानी म्हणून नाही, ते त्यांचं काम आहे. बाईला वाचता येत नसेल तर अर्ज तिला वाचून दाखवून समजावून सांगायचा, हेही नियमात लिहिलेलं आहे.

"पण मला कायद्याची भाषा कुठे येते?" त्या म्हणाल्या.

ती येण्याची गरजच नव्हती. अडचण दुसरीच होती. त्यांनी वहीच्या कागदावर आधीच एक अर्ज लिहून आणला होता, आणि त्यात होतं: 'नवरा रोज मारतो, खूप त्रास देतो, तरी मला न्याय मिळावा.' शब्दन् शब्द खरा. पण कोर्टाला यातून काही धरता येत नाही. कधी, कुठे, कशाने, कोणासमोर, हे लागतं. मी तारीख विचारली की बायका गप्प होतात, आणि अनेकींना वाटतं की आपल्यावर अविश्वास दाखवला जातोय. म्हणून मी तारीख विचारत नाही. गणपतीच्या आधी की नंतर? मुलीची परीक्षा चालू होती का? त्या दिवशी घरात कोण पाहुणं होतं?

त्या आठवत होत्या, अडखळत होत्या. मग एकदम पिशवीतून त्यांनी मापांची वही काढली. प्रत्येक गिऱ्हाइकाचं माप, कापड कधी आलं, ब्लाउज कधी द्यायचा, सगळं पेनने लिहिलेलं. एका पानावर द्यायची तारीख खोडून सहा दिवस पुढची घातली होती. "हा बघा, मनगट सुजलं होतं. कात्री धरवत नव्हती." पुढे अशी आणखी तीन पानं निघाली. त्यातल्या एका तारखेला सरकारी दवाखान्यात गेल्याचा केसपेपर घरी होता, दुसऱ्या तारखेला चौकीत एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची तक्रार) नोंदवलेली होती. दीड तासात आम्ही चार प्रसंग लिहिले, प्रत्येकी पाच-सहा ओळींचे. 'रोज मारतो' हे वाक्यही ठेवलं, पण त्या चार प्रसंगांच्या नंतर. शिवणाचे पैसे काढून घेणंही लिहिलं. त्या म्हणाल्या, "ते काय लिहायचं, ते तर सगळेच घेतात." कायद्यात आर्थिक छळ हाही हिंसाचारच आहे, तसाच शिवीगाळ आणि अपमानही.

मग मागण्या. 'न्याय मिळावा' यावर आदेश काढता येत नाही. मी विचारलं, "ताई, उद्या सकाळपासून नेमकं काय बदललं पाहिजे?" त्यांनी जराही वेळ न घेता उत्तर दिलं, "त्याने मशीनला हात लावू नये."

इतकी नेमकी मागणी मी क्वचितच ऐकली आहे. मशीन त्यांच्या आईने लग्नात दिलेली, म्हणजे स्त्रीधन. कलम १८ च्या संरक्षण आदेशात ते विकायला किंवा त्याची विल्हेवाट लावायला मनाई करता येते. मारहाण करू नये, फोन करून धमकावू नये, कामाच्या जागी किंवा मुलीच्या शाळेत येऊ नये, हेही त्यात मागता येतं. कलम १९ खाली राहत्या घरातून न काढण्याचा आदेश मागितला. घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून त्यांना ते मागणं अवघड वाटत होतं. पण घर सासू-सासऱ्यांचं असलं तरी सून तिथे नवऱ्यासोबत नांदली असेल, तर तिला तिथे राहण्याचा हक्क मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. खर्चासाठी कलम २०. आणि निकालापर्यंत थांबता येणार नव्हतं, म्हणून कलम २३ खाली अंतरिम आदेशाची विनंती. तिच्यासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. हा एक कागद फार जणींचा राहून जातो.

खरी काळजी मला अर्जाची नव्हती, नोटिशीची होती. अर्ज दाखल झाला की नवऱ्याला नोटीस जाते, आणि ती हातात पडल्यापासून आदेश होईपर्यंतचे दिवस सगळ्यात धोक्याचे असतात. याबद्दल कमी बोललं जातं, म्हणून इथे मुद्दाम लिहिते. त्या दिवसांत कुठे राहायचं हे आम्ही अर्जाआधी ठरवलं. बहिणीकडे. तात्पुरतं जिथे राहता, तिथल्या कोर्टातही हा अर्ज चालतो. कागदांच्या झेरॉक्स शेजारणीकडे ठेवल्या. तातडीच्या मदतीचा ११२ आणि महिला हेल्पलाइनचा १८१ मुलीला पाठ करायला लावले. मशीन मात्र त्या आधीच घेऊन गेल्या, रिक्षात, एका गिऱ्हाइकाच्या मदतीने.

कायदा म्हणतो, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात निकालाला यापेक्षा बराच वेळ लागतो. हे मी कुणापासून लपवत नाही, नाहीतर बाई तिसऱ्या तारखेला खचून घरी बसते. पुकारा झाला तेव्हा ताई एकट्याच उभ्या राहिल्या. मॅजिस्ट्रेट मॅडमनी विचारलं, "ही तारीख कशावरून सांगता?" त्यांनी मापांची वही पुढे केली.

दुसऱ्या तारखेला नवरा वकील घेऊन आला, आणि त्यांचा धीर सुटला. "आता मी काय बोलू?" खरं सांगायचं तर अर्ज आणि अंतरिम आदेश इथपर्यंत बाई स्वतःच्या बळावर जाऊ शकते. उलटतपासणीत मात्र बाजूला वकील असावा, असं माझं अनुभवाने झालेलं मत आहे. त्यासाठीही पैसे लागत नाहीत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्यायचा, नाहीतर १५१०० वर फोन करायचा. आम्ही त्याच दुपारी अर्ज दिला.

त्या तारखेला अंतरिम आदेश झाला. मारहाण व धमकी नाही, बहिणीच्या घरी येणं नाही, मशीन विकणं नाही. आदेशाची प्रत मोफत मिळते, पोलीस ठाण्यालाही जाते. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) व अजामीनपात्र आहे. म्हणजे चौकीत 'हा तुमचा घरगुती मामला' असं ऐकवलं गेलं, तर ही प्रत पुढे करायची. ताईंना ती एकदा दाखवावी लागली. तो बहिणीच्या दाराशी येऊन ओरडत होता, पोलीस आले, प्रत वाचली आणि त्याला घेऊन गेले.

केस अजून चालू आहे. परवाच्या तारखेला मी त्यांना कोर्टाच्या व्हरांड्यात पाहिलं. पुकाऱ्याची वाट बघत बाकावर बसून त्या एका ब्लाउजला हुक लावत होत्या. आदेशाची प्रत मापांच्या वहीत घडी घालून ठेवली होती.