बोअरच्या पाण्याचे डाग काढण्यासाठी चार्जिंगचा पॉवर स्क्रबर घ्यावा का?

आपण विचारले आहे की, घरात बोअरचे पाणी असल्यामुळे बाथरूमच्या टाइल्सवर पांढरा थर साचला आहे आणि खांदेदुखीमुळे आईला तो घासणे जमत नाही. तेव्हा हातात धरून चालवायचा, वायर नसलेला, मोटरने ब्रश फिरवणारा पॉवर स्क्रबर घेतला तर काम होईल का, आणि त्याने टाइल्स खराब तर होणार नाहीत ना. मी सांगलीच्या गावभागात राहते. २०२० पासून असे यंत्र वापरते आहे, आणि पहिले यंत्र माझ्याच निष्काळजीपणामुळे बंद पडले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

यंत्र घ्यावे असेच मी म्हणेन, पण टाइल्सवरचा पांढरा थर ते काढील या अपेक्षेने घेऊ नये. मी त्याच अपेक्षेने घेतले होते. पहिल्या रविवारी अर्धा तास ब्रश फिरवला, भरपूर फेस झाला, भिंत लखलखीत दिसू लागली आणि मी समाधानाने जेवायला बसले. दुपारी भिंत वाळली, तेव्हा सगळे डाग होते तसे पुन्हा दिसू लागले. हा थर ओला असताना जवळजवळ पारदर्शक होतो आणि वाळला की पांढरा दिसतो, हे मला त्या दिवशी कळले. तेव्हापासून टाइल स्वच्छ झाली की नाही याचा निकाल मी ती कोरडी झाल्याशिवाय देत नाही.

हा थर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे एका अर्थी चुनखडीच. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेले असते. पाणी उडून जाते आणि ते मागे राहते. त्याच पाण्यात साबण वापरला की साबणातील स्निग्ध आम्ले कॅल्शियमशी जोडली जाऊन एक मेणचट, पाण्यात न विरघळणारी साय तयार होते आणि ती त्या चुन्यावर बसते. असे थरावर थर चढत जातात. कृष्णाकाठच्या ऊस-शेतकऱ्याला क्षारपड जमिनीचे दुःख समजावून सांगावे लागत नाही, तसे आमच्या भागात बोअरवर धुणीभांडी करणाऱ्या बाईला हे डाग समजावून सांगावे लागत नाहीत. अर्थात ते क्षार वेगळे आणि हे वेगळे. यंत्राच्या ब्रशचे नायलॉनचे केस या चुन्यापेक्षा मऊ असतात, त्यामुळे ते वरची साबणाची साय काढतात आणि खालच्या चुन्यावरून नुसते घसरत राहतात. चुना घासून काढायचा नसतो, विरघळवायचा असतो, आणि त्यासाठी आम्ल लागते.

मी एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड विरघळवते. किराणा दुकानात त्याची पांढरी पूड मिळते. उभ्या भिंतीवर हे पाणी टिकत नाही, म्हणून जुन्या सुती साडीचे तुकडे त्यात भिजवून टाइल्सवर चिकटवून ठेवते आणि वीस मिनिटे त्यांना हात लावत नाही. नळाच्या तोटीला तेच फडके गुंडाळून ठेवते. फडकी काढल्यावर थर भुसभुशीत झालेला असतो, आणि स्क्रबरचे खरे काम तेव्हा सुरू होते. एरवी ज्या भिंतीला हाताने पाऊण तास लागायचा, ती दहा मिनिटांत होते. थर फार जाड असेल तर एकाच वेळी सगळा निघेल असे समजू नये. पहिल्यांदा मला हे तीन रविवार करावे लागले होते. व्हिनेगरही चालते, पण तेवढ्याच कामाला ते जास्त लागते आणि वास दिवसभर घरात राहतो.

दारावर बाटलीतून विकायला येणारे ॲसिड मात्र वापरू नये, असे मी आग्रहाने सांगते. ते बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. चुना क्षणात खाते, पण टाइल्सच्या सांध्यांतले सिमेंटही त्याच वेगाने खाते, आणि मग सांध्यांतून पाणी मुरू लागते. सायट्रिक ॲसिडसुद्धा सांध्यांवर तासन्तास राहू देऊ नये. आधी सांधे साध्या पाण्याने भिजवून घ्यावेत आणि शेवटी भिंत भरपूर पाण्याने धुवावी.

याहून महत्त्वाची गोष्ट दगडाची आहे. आपल्याकडच्या जुन्या घरांत शहाबादी फरशी असते, स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा असतो, देवघरात संगमरवर असतो. शहाबादी, कडप्पा आणि कोटा हे चुनखडीचेच दगड आहेत आणि संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटच आहे. म्हणजे जे आम्ल डाग विरघळवते, तेच त्याखालचा दगडही विरघळवते. आमच्या कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाच्या अर्ध्या फोडीचे गोल पांढुरके ठसे आहेत. ते डाग नाहीत, तिथली झिलईच गेलेली आहे, आणि कोणतेही यंत्र ती परत आणू शकत नाही. आपल्या बाथरूममध्ये चकाकीच्या सिरॅमिक टाइल्स असतील तर काळजी नाही. शंका असेल तर एखाद्या स्वच्छ, नजरेआडच्या कोपऱ्यावर आम्लाच्या पाण्याचे दोन थेंब टाकावेत. बुडबुडे आले तर तिथे आम्ल वापरू नये.

टाइल्स खराब होतील का, याचे उत्तर ब्रशपेक्षा ब्रशखाली काय आले यावर अवलंबून आहे. नायलॉनच्या ब्रशने चकाकीच्या टाइलवर ओरखडा उठत नाही. पण जमिनीवरची बारीक वाळू धुऊन न काढता ब्रश फिरवला, तर यंत्र त्याच वाळूने फरशी घासते, आणि वाळूतली गारगोटी (क्वार्ट्झ) काचेपेक्षाही कठीण असते. म्हणून आधी पाणी मारावे. फायबरचे टब, प्लॅस्टिकच्या बादल्या, रंगवलेले दरवाजे आणि नॉनस्टिक भांडी यांना कडक ब्रश लावू नये.

यंत्र चालवण्याची रीत हाताने घासण्याच्या अगदी उलट आहे, आणि वर्षानुवर्षे हाताने घासलेल्या माणसाला ती पचायला वेळ लागतो. जोर लावायचा नसतो. दाबले की केस आडवे पडतात, मग त्यांची टोके घासत नाहीत, मोटरवर ताण येतो आणि फिरणे मंदावते. काही यंत्रे अशा वेळी आपोआप बंद होतात आणि माणसाला वाटते, बिघडले. केसांची टोके नुसती टेकतील इतपतच धरावे आणि हळूहळू पुढे सरकवावे. तसेच, ब्रश भिंतीला टेकवल्यानंतरच बटण दाबावे आणि बटण सोडून फिरणे थांबल्यानंतरच ब्रश उचलावा. मी एकदा फिरता ब्रश तसाच उचलला आणि आम्लाचे पाणी डोळ्यांत उडाले. नळाखाली बराच वेळ डोळे धुतले, सुदैवाने काही झाले नाही, पण तेव्हापासून चष्मा आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय मी यंत्र हातात घेत नाही. हाताने घासताना पाणी अंगावर येत नाही, म्हणून हा धोका आधी लक्षातच येत नाही.

स्वयंपाकघरात मला याचा उपयोग कमी वाटला. गॅसमागच्या टाइल्सवरचा तेलकट थर धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने सैल होतो आणि मग ब्रशने छान निघतो, तेवढेच. चिमणीच्या जाळीत केस अडकतात. ती गरम सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवणेच बरे, आणि जाळी ॲल्युमिनियमची असेल तर सोडाही नको, कारण ती काळी पडते. करपलेल्या कढईपुढे नायलॉन हतबल आहे, तिथे तारेची घासणीच लागते. हळदीचे डागही याने निघत नाहीत. आम्ही हळदीच्या पेठेचे लोक असल्यामुळे हे मी अधिकाराने सांगू शकते: सोड्याने हळद उलट लालसर होते, उन्हाने मात्र फिकट होत जाते, म्हणून डाग पडलेला पाट किंवा डबा अंगणात ठेवून द्यावा.

आता पुराविषयी, कारण आमच्याकडे अवघड साफसफाई म्हटली की तोच आठवतो. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. आमचा तळमजला तेव्हा बुडाला आणि पाणी उतरल्यावर सगळे हाताने घासले. २०२१ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा घरात आले, तेव्हा यंत्र माडीवर सुरक्षित होते आणि मला त्याचा केवढा तरी आधार वाटत होता. प्रत्यक्षात पाणी उतरल्यानंतर आमच्या गल्लीत अनेक दिवस वीज नव्हती. जे चार्जिंग शिल्लक होते ते पहिल्याच तासात संपले, आणि पुढचे काम फावडे, खराटा आणि घमेले यांनीच केले. गाळ ओला असतानाच ओढून काढावा लागतो, एकदा वाळला की तो सिमेंटसारखा बसतो. त्यामुळे वीज येण्याची वाट पाहणेही शक्य नसते. नंतरच्या आठवड्यांत मात्र खिडक्यांच्या सरकत्या पट्ट्या, लोखंडी जाळ्यांची नक्षी, जिन्याच्या पायऱ्यांचे कोपरे आणि टाइल्सचे सांधे यांतला गाळ टोकदार ब्रशने जसा निघाला, तसा तो मला २०१९ मध्ये टूथब्रशने महिनाभर घासूनही काढता आला नव्हता.

त्या दिवसांत प्रत्येक घरात ब्लीचिंग पावडर, फिनेल आणि ॲसिड एकाच कोपऱ्यात ठेवलेले असते. ब्लीचिंग पावडर आणि कोणतेही आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. यात सायट्रिक ॲसिड आणि व्हिनेगरही आले. ज्या दिवशी आम्लाने डाग काढाल, त्या दिवशी ब्लीचिंगला हात लावू नये, आणि ब्रश दोन्हींसाठी एकच असेल तर तो मध्ये नीट धुऊन घ्यावा, कारण केसांच्या बुडाशी बरेच पाणी अडकून राहते.

माझे पहिले यंत्र बंद पडले ते असे. त्याच्या खोक्यावर आयपीएक्स-७ लिहिले होते. याचा अर्थ एक मीटर खोल साध्या पाण्यात तीस मिनिटे राहिले तरी पाणी आत जाऊ नये. पण हे चार्जिंगच्या भोकावरचे रबरी बूच घट्ट बसवलेले असेल तरच. मी ते एकदा बसवायचे विसरले आणि यंत्र बादलीत धुतले. दुकानदाराने ते हातात घेतले, बूच पाहिले आणि काही न बोलता परत दिले. त्याचे बरोबरच होते. आता चार्जिंगनंतर बूच बसवल्याशिवाय मी यंत्र जागेवर ठेवत नाही, आणि यंत्र पूर्ण वाळल्याशिवाय चार्जिंगला लावत नाही. यातली लिथियम-आयन बॅटरी उन्हाळ्यात पत्र्याच्या माळ्यावर ठेवू नये, आणि महिनोन्‌महिने पूर्ण उतरलेलीही ठेवू नये. वापर नसेल तेव्हा साधारण निम्मे चार्जिंग ठेवलेले बरे. शेजारच्या एका तरुणाने ड्रिल मशीनला ब्रश जोडून हेच काम करून दाखवले आणि ते झालेही झटपट, पण ड्रिल पाण्यासाठी बनवलेले नसते. वायरचे ड्रिल तर ओल्या मोरीत नेऊच नये.

घेताना आईला दुकानात घेऊन जावे आणि यंत्र तिच्या हातात द्यावे. जाहिरातीत फेऱ्या आणि मिनिटे सांगतात, वजन क्वचितच कोणी सांगते, आणि दुखऱ्या खांद्याला त्याचाच फरक पडतो. आखूड दांड्याचे यंत्र नळ, बेसिन आणि कोपरे यांसाठी उत्तम आहे, पण त्याने जमीन घासायची तर वाकावे लागते. लांब दांडा जोडता येणारे घेतले तर उभ्याने जमीन घासता येते. मात्र तोच दांडा भिंतीवर उंच धरला की सगळे वजन टोकाला जाते आणि खांद्यावर येते. म्हणून आईने छातीच्या उंचीपर्यंतच भिंत घासावी. त्याच्या वरचा भाग आमच्याकडे अजूनही मुलगाच घासतो, तोही वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, दोनदा आठवण केल्यावर.