कोल्हापुरात घरकामाच्या मावशींना दिवाळीला किती द्यायचं आणि पगारी सुट्ट्या किती धरायच्या?

तुम्ही कोल्हापुरात नव्यानं राहायला आलात, धुणं-भांडी-फरशीला एक मावशी आणि स्वयंपाकाला दुसऱ्या येतात. दिवाळीला काय द्यायचं आणि खाडे किती कापायचे, असा तुमचा प्रश्न आहे.

दिवाळीचं उत्तर सोपं आहे. वर्ष भरलं असेल तर एक महिन्याचा पूर्ण पगार, रोख. बोलताना याला नुसतं ‘दिवाळी’ म्हणतात, जुनी माणसं ‘पोस्त’ म्हणतात. ‘त्यांनी दिवाळी दिली का?’ असं मावशी एकमेकींना विचारतात तेव्हा विषय चकल्यांचा नसतो. बोनसचा कायदा घरकामाला लागू नाही. पण कारखान्यातल्या बोनसचा किमान दर ८.३३ टक्के आहे, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग. एक महिन्याच्या पगाराचा हिशेब त्याच्याशी बरोबर जुळतो. इथल्या भाषेत सांगायचं तर दिवाळीच्या तोंडावर डेअरीला दूध घालणाऱ्याला संघाकडून दूध फरक, म्हणजे वर्षभरातल्या दराचा राहिलेला पैसा मिळतो, तो त्याच्याच दुधाचा असतो. दिवाळीकडेही तसंच बघा.

वर्ष भरलं नसेल तर महिन्यांच्या प्रमाणात द्या. पगार ३,००० आणि काम ७ महिने झालं असेल, तर ३,००० × ७ ÷ १२ = १,७५०. मधे पगार वाढला असेल तर आजचा पगार धरा, जुना नको. मावशी पाच घरी जात असल्या तरी प्रत्येक घराची दिवाळी वेगळी. ‘त्यांना बाकीच्यांकडून मिळतंच की’ हा हिशेब धरू नका. महिने मात्र तारखेनं मोजा, दिवाळी ते दिवाळी नको. २०२५ चं लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, २०२६ चं अधिक महिन्यामुळे ८ नोव्हेंबरला आहे.

या तारखांचा आणखी एक परिणाम होतो. दिवाळी महिन्याच्या मध्यावर आली की चालू महिन्याचा पगार हातात आलेला नसतो. तेव्हा निम्मा पगार आगाऊ द्या, पण दिवाळीच्या पाकिटापासून वेगळा. दोन्ही एकत्र दिलं की पुढच्या महिन्यात ‘एवढंच कसं?’ यावरून भांडण ठरलेलं.

पाकीट वसुबारसेच्या आधीच्या आठवड्यात द्या. महाद्वार रोडला किंवा गांधीनगरला पोरांचे कपडे घ्यायचे, लक्ष्मीपुरीतून किराणा आणायचा, हे सगळं आधी होतं. पाडव्याला दिलेला पैसा सणाला उपयोगी पडत नाही. मोबाइलवरून पाठवणार असाल तर नंबर कुणाच्या खात्याला जोडलाय ते आधी विचारा. बऱ्याचदा तो नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो आणि पैसे मावशींच्या हाती पोचतच नाहीत. त्यापेक्षा रोख बरी.

साडी पैशाच्या बदल्यात देऊ नका. साडीला फॉल-बिडिंग आणि ब्लाऊजची शिलाई लागते, तो खर्च शेवटी त्यांच्याच अंगावर. वापरलेले कपडे तर दिवाळीत धरूच नका. फराळाचा डबा घरच्यांसाठी भरता तेव्हाच त्यांचाही भरा. भाऊबीजेनंतर उरलेला चिवडा दिला की लगेच कळतं. आणि उचल दिवाळीतून वळती करू नका. ६,००० उचल दिली असेल तर दरमहा ५०० प्रमाणे पगारातून कापा, वर्षात फिटते.

खरा घोळ दिवाळीत नसतो, खाड्यांत असतो. वर्षातून एकदा पाकीट देऊन मोकळं होणारी घरंसुद्धा दर महिन्याला शंभर-शंभर कापत बसतात. माझ्या मते नीट ठरलेल्या पगारी सुट्ट्यांचं मोल दिवाळीपेक्षा जास्त आहे.

महिन्याला दोन पगारी सुट्ट्या हा किमान हिशेब धरा, म्हणजे वर्षाला २४. राहिलेल्या सुट्ट्या पुढच्या महिन्यात जाऊ द्या. १६ घेतल्या तर ८ उरल्या. त्यांचे पैसे दिवाळीच्या वेळी, पण दिवाळीहून वेगळे द्या. त्यापेक्षा जास्त खाडे झाले तरच कापा, आणि तेही पगार भागिले ३० या दरानं. ३,००० ला दिवसाचे १०० होतात. घोटाळा होतो तो रविवार सुट्टी असलेल्या घरात. पगार अख्ख्या महिन्याचा असतो, त्यामुळे कापताना भागाकार ३० नंच करायचा. सुट्टीच्या दिवशी बोलावलंत तर मात्र २६ नं भागून, म्हणजे सुमारे ११५ जादा द्यायचे. उलटं केलं की दोन्हीकडून त्यांचंच नुकसान.

तुम्ही दहा दिवस गावाला गेलात तर पगार पूर्ण द्यायचा. ती तुमची सुट्टी, त्यांची नाही. यावरूनच सगळ्यात जास्त कामं सुटतात, कारण ती वेळ दुसऱ्या घराला देता येत नाही आणि पैसेही बुडतात.

कोल्हापूरचे सण वेगळे मोजावे लागतात. चैत्री पौर्णिमेला जोतिबाची यात्रा. आषाढात त्र्यंबोलीची यात्रा असते, आणि ती प्रत्येक गल्लीची वेगळ्या दिवशी, बहुतेक मंगळवारी किंवा शुक्रवारी. तारीख गल्लीत ठरते, म्हणून आषाढ लागला की मावशींना विचारून ठेवा. मग गौरी, दसरा, आणि त्यांच्या गावची म्हाई, म्हणजे गावजत्रा. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला सकाळचं काम करून घ्या, पाडवा आणि भाऊबीज मोकळी सोडा. भाऊबीजेला त्यांनाही भाऊ असतो. हे सगळं धरून सहा-सात दिवस होतात. ते २४ च्या बाहेर ठेवलेत तर उत्तम.

पुराचे दिवस खाड्यात धरायचेच नाहीत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी चढायला लागलं की सुतारवाड्यासारख्या सखल भागातल्या लोकांना आधी घर सोडावं लागतं, चिखली-आंबेवाडीकडच्यांचा रस्ता बंद होतो. २०१९ आणि २०२१ मध्ये हे सगळ्या शहरानं पाहिलंय. पाणी उतरल्यावरही घरातला चिखल काढायला तीन-चार दिवस लागतात, तेही धरा.

आजारपणाला वर्षाला सात दिवस पगारी ठेवा. लांबलं तर निम्मा पगार चालू ठेवून बदली बाई घ्या. बदलीचा नियम असा: सुट्टी पगारी असेल तर बदलीचे पैसे तुमचे, बिनपगारी असेल तर कापलेली रक्कम तिला. पैसे जी आली तिच्याच हातात द्या. मावशी स्वतःऐवजी लहान मुलीला पाठवत असतील तर नाही म्हणा. १४ वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवणं कायद्यानं बंद आहे.

नोंद स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ठेवा, पण दुधाच्या खाड्यांशेजारी नको. महिनाअखेरीला फुली कुणाची ते कळत नाही. वेगळ्या रंगाचं पेन घ्या आणि मावशींच्या समोरच खूण करा.

वॉचमन आणि जिना झाडणाऱ्यांचं सोसायटीतून वर्गणी काढून होतं, ते तिकडेच विचारा. मावशी एजन्सीकडून येत असतील तर दिवाळी त्यांच्या हातात द्या, एजन्सीच्या बिलात घालू नका.

एक राहिलं. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे आणि १८ ते ६० वयाच्या घरकामगारांची नोंदणी होते. त्यासाठी तुमच्याकडे काम करतात असं पत्र मागायला त्या आल्या तर सही करून द्या. या सहीनं तुमच्यावर काही बोजा येईल अशी भीती लोकांना उगाच वाटते. शिवाय बँकेत त्यांचं खातं असेल तर पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा मिळतो. हप्ता मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून आपोआप जातो, आणि तेव्हा खात्यात २० रुपये नसले तर विमा बंद पडतो. मेचा पगार दोन दिवस आधी खात्यावर टाकलात तर तोही प्रश्न सुटतो.