मुलगा खेळातच करिअर करायचं म्हणतोय, पुढे काय?

"तिशीत सगळं आटोपलं की हा करणार काय?" हा प्रश्न घेऊन येणारे पालक मला पुण्यातही भेटायचे, तेव्हा विषय क्रिकेटचा असायचा. इथे न्यू जर्सीत खेळ बदलला, काळजी तीच. आज एका कुटुंबाबद्दल लिहिते आहे, त्यांच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून.

मुलगा कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला, बेसबॉलचा पिचर, म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकणारा. आधी तो स्टार्टर होता, म्हणजे सामन्याची सुरुवात करणारा. यंदा कोचने त्याला बुलपेनमध्ये, रिलीफ पिचरांच्यात टाकलं. रिलीफ पिचर मैदानाच्या कडेला बसून असतो आणि आधीचा पिचर थकला किंवा मार खाऊ लागला की आयत्या वेळी उतरतो. कधी एका इनिंगपुरता, कधी एकाच बॅटरसाठी, कधी अजिबात नाही.

"ताई, राखीव म्हणून बसवलंय त्याला. आणि साहेब म्हणतात, प्रोफेशनल होणार," बाबा वैतागून म्हणाले. आई गप्प होती.

माहितीच अर्धवट असेल तर भावनांवर बोलून उपयोग नसतो, म्हणून आधी ती नीट केली. न्यूयॉर्क यँकीजचा मारियानो रिव्हेरा 1995 मध्ये स्टार्टर म्हणूनच आला होता. जमलं नाही, बुलपेनमध्ये गेला, 652 सेव्ह्ज (शेवटी उतरून संघाची आघाडी टिकवत जिंकून दिलेले सामने) नावावर करून निवृत्त झाला आणि 2019 मध्ये हॉल ऑफ फेमसाठी झाडून सगळ्या मतांनी निवडला गेलेला पहिला खेळाडू ठरला. बाबांचा चेहरा जरा खुलला, तशी मी दुसरी बाजूही सांगून टाकली. व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टच्या आता 20च फेऱ्या. त्यात नाव आलं तरी सुरुवात मेजर लीगच्या, म्हणजे सर्वोच्च स्पर्धेच्या, खालच्या मायनर लीगपासून. 2023 च्या करारानुसार तिथल्या सर्वांत वरच्या ट्रिपल-ए पातळीवर किमान पगार वर्षाला 35,800 डॉलर, तर मेजर लीगमध्ये त्याच वर्षी 7,20,000. शिवाय कोपराचा लिगामेंट फाटला तर टॉमी जॉन शस्त्रक्रिया, आणि मग वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ मैदानाबाहेर.

पस्तिसाव्या वर्षी शाळेतली मास्तरकी सोडून 1999 मध्ये मेजर लीगपर्यंत पोचलेल्या जिम मॉरिसची गोष्ट मला हमखास कुणीतरी ऐकवतं. गोष्ट खरी आहे. पण तो तिथे 21 सामने खेळला, हे सहसा कुणी सांगत नाही.

पुढच्या वेळी मुलगा एकटा आला. मी म्हटलं, "कालचा दिवस सांग. बेसबॉल सोडून."

"क्लास होता. मग जेवलो. मग आर्म केअर…"

"ते बेसबॉलच झालं."

तो हसला. मधल्या बोटाच्या टोकाला चेंडूच्या शिवणीने घट्टा पडला होता, तो अंगठ्याने चाचपत बराच वेळ विचार करत राहिला. "मग फक्त जेवलो," शेवटी म्हणाला.

आईबाबांची भीती तिशीनंतरची होती. मला काळजी वाटली ती या उत्तराची.

अशा वेळी मी टॉम हाउसबद्दल सांगते. हाउस अटलांटा ब्रेव्ह्जचा डावखुरा रिलीफ पिचर. 8 एप्रिल 1974 रोजी हँक ॲरनने बेब रूथचा विक्रम मोडणारा 715वा होमरन, म्हणजे थेट सीमेपार टोला, मारला, तो चेंडू झेलला बुलपेनमध्ये उभ्या असलेल्या हाउसने. तो धावत होमप्लेटपर्यंत गेला आणि ॲरनच्या हातात चेंडू ठेवला. लोकांना तो आठवतो तो एवढ्यासाठीच. त्याचं स्वतःचं मेजर लीगमधलं खेळणं 1978 मध्ये संपलं. पण त्याने मानसशास्त्रात डॉक्टरेट केली, टेक्सास रेंजर्सचा पिचिंग कोच म्हणून नोलन रायनसोबत काम केलं, आणि पुढे टॉम ब्रेडी, ड्रू ब्रीस यांच्यासारखे अमेरिकन फुटबॉलमधले क्वार्टरबॅक त्याच्याकडे फेकीचं तंत्र घोटायला येऊ लागले. 2008 मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू एका टीव्ही स्पर्धेतून अमेरिकेत आले, त्यांना पिचिंग शिकवलं तेही यानेच. हाउस काही देवमाणूस नाही. खेळत असताना स्टिरॉइड घेतल्याचं त्याने स्वतःच 2005 मध्ये सांगितलं. पण त्याचं एक निरीक्षण मला पटतं: व्यावसायिक खेळाडूचं वय वाढतं, मन मात्र पोरवयातच अडकून पडतं. प्रवास, जेवण, वेळापत्रक सगळं दुसरं कुणीतरी बघतं. खेळ सुटला की हे एकदम उघडं पडतं.

आणि ते फक्त संघामुळे होत नाही. आईला विचारलं, फोनवर काय बोलता? "किती पिच टाकलेस, कोपर दुखत नाही ना, कोच काय म्हणाला." बाबा? "वेग किती लागला." खेळाची भीती वाटणारे हे दोघं त्याच्याशी खेळाखेरीज काहीच बोलत नव्हते. मी त्यांना सांगितलं, आठवड्यातला एक फोन बेसबॉलचा उल्लेख न करता करायचा. पहिल्यांदा दोन मिनिटांत विषय संपले. नंतर एकदा आईने वरणाला फोडणी कशी द्यायची ते सांगितलं, बाबांनी गाडीच्या विम्याचं काम त्याच्यावर सोपवलं. त्याने ते रखडवलं, दंड भरला, पण केलं.

मग एका फोनवर तो म्हणाला की सामना संपल्यावर तो ग्राउंड्समनबरोबर थांबतो. पिचर उभा राहतो तो माउंड दहा इंच उंच असतो, आणि पुढचा पाय आपटून आपटून तिथे खड्डा पडतो. तो साफ करायचा, ओलसर चिकणमाती भरायची, धुमसाने ठोकायची, वर ताडपत्री. माती किती ओली हवी यावर पोरगा बोलतच राहिला.

"मातीकाम शिकायला एवढी फी भरतोय का मी?" बाबा माझ्यासमोर म्हणाले.

"अहो, वीस मिनिटं बोलला तो. आपणहून," आई म्हणाली.

जुलैत ड्राफ्ट झाला, 20 फेऱ्यांत त्याचं नाव आलं नाही. चौथ्या वर्षालाही तो बुलपेनमध्येच आहे, अजून स्वतःला पिचरच म्हणवतो, आणि मी त्याला त्यापासून परावृत्त केलेलं नाही. परवा बाबांचा मेसेज आला: रटगर्स विद्यापीठात म्हणे मैदानाच्या हिरवळीचं शास्त्र शिकवतात, ताई, याला स्कोप कितपत आहे? मी लिहिलं, ते त्यालाच विचारा, आणि फोनवर नको, पुढच्या सुट्टीत घरी येईल तेव्हा.