सैतानाच्या म्हणी फँटसी कथेत कशा पेराव्यात?

सैतानावर फँटसी लघुकथा लिहीत असताना मराठीतल्या कोणत्या म्हणी घ्याव्यात आणि त्या कुठे पेराव्यात, असे आपण विचारले आहे. म्हणींचा कोश आपल्याजवळ असेलच, म्हणून यादी देत नाही. 'रिकामे मन सैतानाचे घर' ही म्हण बाहेरून आलेली आहे आणि 'सैतान' हा शब्दही मूळचा अरबी, फारसीच्या वाटेने आलेला. आपल्या जुन्या म्हणीत भित्यापाठी लागतो तो ब्रह्मराक्षस.

'पेराव्यात' या शब्दाने मात्र माझी जुनी जखम उघडी पडली. निकोलाय गोगोलची नाताळच्या आदल्या रात्रीची कथा (१८३२) मी एका दिवाळी अंकासाठी रशियनमधून अनुवादित केली होती. युक्रेनमधल्या दिकांका गावचा लोहार वाकुला याला त्याची ओक्साना अट घालते की, सम्राज्ञीच्या पायांतली पादत्राणे आणलीस तरच लग्न करीन. हताश वाकुला सैतानाचा पत्ता विचारायला पात्स्यूक नावाच्या वैदूकडे जातो. हा गृहस्थ जमिनीवर मांडी घालून नुसता तोंड उघडून बसला आहे आणि करंजीच्या आकाराचे उकडलेले वारेनिक वाडग्यातून उडी मारून, आंबट सायीत लोळून, आपणहून त्याच्या तोंडात जात आहेत. त्याच भेटीत तो वाकुलाला म्हणतो की, ज्याच्या पाठीवरच सैतान आहे त्याला लांब जायची गरज नाही. वाकुलाच्या खांद्यावरच्या पोत्यात त्या क्षणी खरोखरच सैतान दडून बसलेला असतो, हे वाचकाला ठाऊक असते, वाकुलाला नसते.

संपादकांनी हे वाक्य 'मराठी वाटत नाही' म्हणून लाल शाईने खोडले आणि तिथे लिहिले, 'काखेत कळसा आणि गावाला वळसा'. म्हण अस्सल, अर्थही चपखल, आणि प्रसंग मेला, कारण पोत्यात कळसा नव्हता. मी फोनवर पाऊण तास भांडलो; 'वाचकाला कळले म्हणजे झाले' या उत्तरापुढे माझे काही चालले नाही आणि अंक तसाच छापला गेला.

तेव्हा आपल्याला माझे सांगणे असे की, म्हणी पेरूच नयेत. एकच घ्यावी, ती कथेत शब्दशः खरी करावी आणि पोते आधीच वाचकाच्या नजरेस आणून ठेवावे. कथा महाराष्ट्रात घडत असेल तर सैतानाचा हट्टही सोडावा. ब्रह्मराक्षस पुष्कळ आहे.

एक गोष्ट मात्र संपादकांच्या बाजूने मान्य करावी लागेल. माझे वाक्य लाकडी होते, त्याला म्हणीचा ठेका नव्हता. 'पाठीवर सैतान, आणि शोधतो रानोरान' असे लिहिले असते तर कदाचित त्यांनी हात लावला नसता. हे मला अंक निघाल्यानंतर सहा महिन्यांनी सुचले आणि त्यांना मी ते अजून कळवलेले नाही.