वाचकांचे प्रश्न : वारली चित्रकार शाळेत येतात तेव्हा

प्रश्न : आमच्या प्राथमिक शाळेत डहाणू तालुक्यातील एक वारली चित्रकार चौथीच्या 45 मुलांसाठी दोन तासांची कार्यशाळा घेणार आहेत. प्रत्येक मुलाचे चित्र पूर्ण व्हावे आणि ते स्नेहसंमेलनातील प्रदर्शनात लावता यावे, अशी मुख्याध्यापकांची अपेक्षा आहे. वेळ थोडा असल्याने आकृत्यांच्या छापील बाह्यरेषा आधीच वाटून ठेवाव्यात का?
— एक शिक्षिका, ठाणे

उत्तर : वाटू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. वारली चित्रातील माणूस टोकाला टोक भिडलेल्या दोन त्रिकोणांतून उभा राहतो, आणि तो नाचतो आहे, वाकून रोपे लावतो आहे की डोक्यावर मोळी वाहतो आहे, हे त्या त्रिकोणांच्या कलण्यावरून कळते. मुलांनी शिकायचे ते हे कलणे. छापील आकृतीत ते दुसऱ्याच कुणीतरी ठरवून टाकलेले असते. त्यापेक्षा सुरुवातीला पाटीवर किंवा फरशीवर खडूने निरनिराळी कामे करणारी माणसे काढू द्यावीत आणि मग सहा-सात जणांच्या गटाला मिळून एकच मोठा कागद द्यावा. तारपा हे फुंकून वाजवायचे वाद्य वाजवणाऱ्याभोवती फिरणारी नाचाची साखळी अशा सामाईक कागदावर छान जमते, कारण प्रत्येकाला शेजाऱ्याच्या माणसाचा हात धरावाच लागतो. प्रदर्शनाला 45 ऐवजी सात चित्रे मिळतील, एवढे मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवावे.

साहित्याबाबत थोडे सविस्तर लिहितो, कारण कार्यशाळा फसते ती बहुधा इथे. घराच्या शेणमातीने सारवलेल्या, गेरू दिलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठात पाणी आणि थोडा डिंक कालवून, टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने रंगवायचे, ही मूळ रीत. शाळेत कागदाला गेरू द्यायचा असेल तर तो आदल्या दिवशीच द्यावा. ओला कागद सुरकुततो आणि काडी अडते. पिठाची रेघ ओली असताना इतकी फिकट दिसते की मुलांना ती उमटलीच नाही असे वाटते, मग ती त्याच रेघेवर पुन्हा पुन्हा काडी फिरवतात आणि काडीसारखे हात पाहता पाहता खांबासारखे होतात. वाळल्यावर रेघ पांढरीशुभ्र होते, हे पाहुण्यांनी एकदा करून दाखवले की पुढचे सोपे जाते.

पाहुण्यांना बोलायलाही वेळ द्यावा. (दीपप्रज्वलन, सत्कार आणि प्रास्ताविक यांत पहिला अर्धा तास कसा खर्ची पडतो, हे आपण सारेच जाणतो.) ही चित्रे मुळात लग्नघरी सवाशिणी काढत असत, 1970च्या दशकात डहाणू तालुक्यातल्याच गंजाड गावच्या जिव्या सोमा म्हसे यांनी लग्नकार्याशिवायही, रोजच्या रोज चित्रे काढायला घेतली आणि पुढे 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हा बदल त्याच भागातल्या माणसाकडून ऐकला की मुलांना तो पाठ करावा लागत नाही. मानधन, प्रवासखर्च आणि साहित्याचे पैसे मात्र त्याच दिवशी हाती द्यावेत. ‘मुलांसाठी आहे’ ही सबब पुरेशी नाही.

प्रश्न : अशाच एका कार्यशाळेत माझ्या मुलीने झोपड्यांच्या शेजारी रिक्षा काढली, तेव्हा ‘हे वारली नव्हे’ म्हणून शिक्षकांनी ती खोडायला लावली. हे योग्य होते का?
— एक पालक, नाशिक

उत्तर : नाही. आजचे वारली चित्रकार स्वतः आगगाड्या आणि सायकली रंगवतात. आपल्या अवतीभवतीचे जग काढणे हीच तर या चित्रांची जुनी सवय आहे. पालघाट देवीचा लग्नचौक, म्हणजे लग्नघरी भिंतीवर काढलेली, मधोमध देवी असलेली चौकट, मात्र विधीचा भाग आहे. तो मुलांकडून सजावट म्हणून काढून घ्यायचा का, हे शाळेने परस्पर न ठरवता आलेल्या चित्रकाराला विचारावे आणि ते नको म्हणाले तर आग्रह धरू नये.