सूर्यावर माणूस उभा राहू शकेल का? उष्णता आधी मारेल की गुरुत्वाकर्षण?

उष्णता, आणि तीही पोहोचण्याच्या कितीतरी आधी.

मुळात उभं राहायला तिथे जमीनच नाही. ज्याला आपण सूर्याचा पृष्ठभाग म्हणतो तो आपल्या हवेपेक्षा हजारो पट विरळ वायू आहे. म्हणून पृथ्वीच्या २८ पट गुरुत्वाकर्षणाची भीती थोडी फसवी आहे. ७० किलोच्या माणसाचं वजन तिथे दोन टनांच्या आसपास भरेल खरं, पण ते जाणवायला पायाखाली काहीतरी हवं. नुसतं पडत राहिलात तर वजन जाणवणारच नाही!

खरी अडचण उष्णतेची. पृष्ठभागाचं तापमान साधारण ५,५०० अंश सेल्सिअस. सगळ्या धातूंत सर्वात जास्त तापमानाला वितळणारा टंगस्टनही ३,४२२ अंशांनाच वितळतो, म्हणजे सूट कशाचा शिवणार? बरं, एसी लावू म्हणाल, तर एसी उष्णता नष्ट करत नाही, बाहेर फेकतो. चारी बाजूंनी ५,५०० अंश असताना ती फेकायला यंत्राचा बाहेरचा भाग त्याहून तापलेला लागेल. तो कशाचा बनवणार?

लांबून मात्र जमतं. नासाचं पार्कर यान डिसेंबर २०२४ मध्ये सूर्यापासून सुमारे ६१ लाख किलोमीटरवरून गेलं. आजूबाजूच्या प्रभामंडलाचं, म्हणजे सूर्याच्या बाहेरच्या विरळ वातावरणाचं, तापमान लाखो अंश, पण तिथे कण इतके तुरळक की ते यानाला फारशी उष्णता देतच नाहीत. तापवतो तो सूर्यप्रकाश, आणि तो अडवायला साडेअकरा सेंटीमीटर जाडीची कार्बनची ढाल पुरली.