खोटा बाप, खरं लगन

प्रश्न : भाऊ, आमचा भाचा कोइमतूरले सूतगिरणीत कामाले हाय. दिवाळीले आला तं त्यानं मोबाईलवर एक जुना तामिळ पिच्चर लावला. भाषा कायी समजे ना, पन थोड्याच येळात मी म्हनलं, अबे हा तं आपला धूमधडाका! पोट्टा श्रीमंताचा पोरगा बनते, दोस्ताले म्हातारा बाप बनवते अन् पोरीचा बाप फसते. भाचा म्हनते, तुमीच चोरला. खरं काय? अन् एवढा मोठा जमीनवाला मानूस नकली बापाले फसते कसा?
— एक कास्तकार, जि. यवतमाळ

उत्तर : दादा, भाचा जिंकला, म्हणजे अर्धा तरी जिंकला. तो पिच्चर 'कादलिक्क नेरमिल्लै', 1964 चा, दिग्दर्शक सी. व्ही. श्रीधर. पुढच्याच वर्षी तेलुगूत झाला, 1966 ला श्रीधरनीच हिंदीत 'प्यार किये जा' काढला, त्यात नकली म्हातारा किशोर कुमार, आणि 1985 ला महेश कोठारेंनी आपल्याकडं आणला, तोवर पोरगी वीस-एकवीस वर्षांची झाली म्हणा ना. अशोक सराफचं ते 'व्याख्या विख्खी वुख्खू' मात्र आपलं, ते भाच्याला ठणकावून सांगा.

आता फसतो कसा. नीट पाहा, त्या पोट्ट्याला पोरीच्याच बापानं, म्हणजे त्याच्या मालकानं, कामावरून काढलेलं असते, बंगल्यासमोर बसून तो न्याय मागतो तर मालकाला डोळ्यासमोर नको असतो, अन् हाच कोट्यधीशाचा वारस आहे असं कानावर आलं की तोच मालक या या, बसा बसा करत सुटतो. पोरगा तोच, तोंड तेच. मालक झालेल्या टी. एस. बालय्यांनी हे लाळ गाळणं असं केलंय की नकली बाप यायच्या आधीच गडी फसलेला असतो, मुथुरामन म्हातारा बनून येतो ते नुसतं शिक्का मारायला. वरून गंमत अशी की त्या म्हाताऱ्याचं खरं प्रेम त्याच घरच्या दुसऱ्या पोरीवर, म्हणजे पांढरे केस लावून आपल्याच मैत्रिणीसमोर सासऱ्याच्या तोऱ्यात बसायचं!

आपल्याकडं काय वेगळं चालते का. वावर किती, ओलीत किती, नोकरी परमनंट का, पोरगा बोलतो कसा हे शेवटी, तेही पोहे संपत आले की. आमच्याकडं एकदा पोराकडच्यांनी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर अंगणात उभा केला होता, पाहुणे चहा पीतच होते तर शेजारी आला अन् म्हणे, चाबी द्या बाप्पा, नांगरटीले जाच हाय. लगन तरी झालं, ते जाऊ द्या.

अन् भाचा चोरी म्हणत असंल तर त्याला विचारा, 'तिल्लु मुल्लु' कुठून आणला? 1979 चा अमोल पालेकरचा 'गोलमाल' 1981 ला के. बालचंदरनी तामिळमध्ये केला. एकच माणूस, मिशी असली की एक भाऊ, नसली की दुसरा, साहेबाला जावई पाहिजे मिशीवाला अन् पोरीचं मन बसलं बिनमिशीवाल्यावर. पालेकरच्या जागी रजनीकांत, जो जन्मानं मराठी घरचा, मूळचा गायकवाड. म्हणजे उधारी दोन्हीकडून आहे, हिशोब लावत बसलात तर होळी येईल.

एक काम करा, भाचा परत जायच्या आधी त्या 1964 वाल्यात मालकाचा पोरगा झालेला नागेश बालय्यांना भुताची गोष्ट सांगतो तो सीन पुन्हा लावून घ्या. नागेशला पिच्चर काढायचा असतो, पैसे बापाकडून काढायचे असतात, अन् तो तोंडानं दाराचा, पावलांचा आवाज काढत सुटतो, इकडं बालय्या घामाघूम. हिंदीत मेहमूदनंही झकास केलाय, पण मला विचाराल तर नागेशच. भाषा लागतच नाही, फक्त मोबाईलचा आवाज फुल ठेवा.